एक वेबमेल, अनेक डोमेन: लॉगिन करताना तुमचा पासवर्ड नेमका कुठे जातो?

समजा, कोकणातली एक शिक्षणसंस्था आणि घाटावरची एक शिक्षणसंस्था एकत्र आल्या. नाव एक झालं, लेटरहेड एक झालं, पगाराची तारीखही एक झाली. ईमेलचे पत्ते मात्र जुनेच राहिले. कोकणातल्या कर्मचाऱ्यांचे पत्ते एका डोमेनवर, घाटावरच्यांचे दुसऱ्या. दोन्हीकडचे मेल सर्व्हरही वेगळे, एक इथे आणि एक तिथे.

व्यवस्थापनाने ठरवलं की निदान मेल वाचायचं पान तरी सगळ्यांना एकच असावं. ब्राउझर उघडा, युजरनेम-पासवर्ड टाका, काम सुरू. पहिल्याच सोमवारी तक्रारी येऊ लागल्या. 'पासवर्ड बरोबर आहे, तरी आत जाता येत नाही.' 'लॉगिन झालं, पण ॲड्रेस बुक रिकामं आहे.' 'मी पाठवलेला मेल समोरच्याच्या स्पॅममध्ये जातोय.' आणि सगळ्यात गंभीर तक्रार, 'हा इनबॉक्स माझा नाही.'

वरवर पाहता या चार वेगळ्या तक्रारी आहेत. पण चारींच्या मुळाशी प्रश्न एकच आहे. तुम्ही लॉगिनचं बटण दाबता, तेव्हा तुम्ही कोणत्या सर्व्हरचे, हे कोण ठरवतं आणि कशावरून? महाविद्यालयं, पतसंस्था, रुग्णालयं, अनेक शाखा असलेल्या कंपन्या, सगळीकडे हा प्रश्न कधी ना कधी येतो. तो समजून घेऊया.

वेबमेलच्या पानामागे काय घडतं?

वेबमेल म्हणजे ब्राउझरमध्ये दिसणारं मेलचं पान. अनेकांचा समज असा असतो की आपले मेल त्या पानातच साठवलेले असतात. बहुतेक ठिकाणी तसं नसतं. वेबमेल हा फक्त मध्यस्थ असतो. तुमचे मेल असतात मेल सर्व्हरवर. वेबमेल तुमच्याकडून युजरनेम-पासवर्ड घेतं आणि तुमच्या वतीने त्या सर्व्हरचा दरवाजा ठोठावतं. मेल वाचण्यासाठी या दोघांमध्ये जी भाषा वापरतात, तिला आयमॅप म्हणतात. मेल पाठवण्यासाठीची भाषा वेगळी, तिचं नाव एसएमटीपी.

म्हणजेच पासवर्ड बरोबर की चूक हे वेबमेल ठरवत नाही. ते ठरवतो मेल सर्व्हर. सर्व्हर एकच असेल तर प्रश्नच नाही, सगळे पासवर्ड तिकडेच जातात. सर्व्हर दोन झाले की वेबमेलला आधी निवड करावी लागते. निवड चुकली तर तुमचा बरोबर पासवर्ड चुकीच्या सर्व्हरकडे जातो आणि तो सर्व्हर 'असा माणूस इथे नाही' म्हणून परत पाठवतो. पहिल्या तक्रारीचं उत्तर बहुतेक वेळा इथेच असतं.

यात एक बाजू सुरक्षेचीही आहे. नकार मिळाला तरी पासवर्ड त्या परक्या सर्व्हरपर्यंत पोहोचलेला असतो. तो सर्व्हर कुणाच्या ताब्यात आहे, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं.

@ च्या पुढचा भाग इतका महत्त्वाचा का?

1971 मध्ये रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्याने अर्पानेटवर एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर संदेश पाठवण्याची सोय केली. तेव्हा त्यांनी माणसाचं नाव आणि संगणकाचं नाव वेगळं करण्यासाठी @ हे चिन्ह वापरलं. म्हणजे डावीकडे कोण, उजवीकडे कुठे. आजही ईमेल पत्त्याची रचना तीच आहे.

आपल्या उदाहरणात कोकणातल्या डोमेनला 'सागर' म्हणू आणि घाटावरच्या डोमेनला 'डोंगर'. दोन्हीकडे हिशेबाचं काम पाहणारा विभाग आहे आणि दोन्हीकडे त्याच्या पत्त्याची सुरुवात 'अकाउंट्स' अशीच आहे. @ च्या पुढचा भाग काढून टाकला, तर हे दोन पत्ते एकसारखे होतात. पूर्ण नाव न सांगता फक्त 'पाटील सरांना बोलवा' म्हणण्यासारखंच हे. एका शाळेत चालेल, दोन शाळा एकत्र आल्यावर चालणार नाही.

पूर्वी सागरच्या वेबमेलमध्ये नुसतं 'अकाउंट्स' टाकलं तरी चालायचं, कारण सर्व्हरही एक आणि डोमेनही एक. लोकांच्या बोटांना तीच सवय झालेली असते. एकत्रीकरणानंतर सर्वात आधी ही सवय अडचणीत येते.

सर्व्हर निवडण्याचे मार्ग कोणते?

वेबमेल चालवणाऱ्यासमोर साधारण पाच मार्ग असतात.

पहिला मार्ग, लॉगिनच्या पानावर सर्व्हरचं नाव लिहायला मोकळी चौकट ठेवायची. दुसरा, सर्व्हरची यादी दाखवायची आणि वापरकर्त्याला त्यातून निवडायला लावायचं. तिसरा, वेबमेलने एकेक सर्व्हर आळीपाळीने वापरून पाहायचा आणि जो हो म्हणेल तिथे आत सोडायचं. चौथा, प्रत्येक डोमेनसाठी वेबमेलचा वेगळा पत्ता ठेवायचा आणि तुम्ही कोणत्या पत्त्यावरून आलात त्यावरून सर्व्हर ओळखायचा. पाचवा, युजरनेम म्हणून पूर्ण ईमेल पत्ता मागायचा आणि @ च्या पुढचा भाग बघून सर्व्हर ठरवायचा.

यातला यादीचा मार्ग सोपा वाटतो. पण आपला मेल कोणत्या सर्व्हरवर आहे, हे कारकुनाला किंवा प्राध्यापकाला का माहीत असावं? लोक चुकीचा पर्याय निवडतात, मग पासवर्ड विसरलो असं समजून तो बदलून घेतात. शिवाय आपल्या सर्व्हरची यादी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दिसते.

आळीपाळीने सर्व्हर वापरून पाहणं त्याहून वाईट. यात प्रत्येकाचा पासवर्ड प्रत्येक सर्व्हरकडे जातो. आणि समजा, दोन्हीकडच्या 'अकाउंट्स' खात्यांना ऑफिसने सुरुवातीला दिलेला साचेबंद पासवर्ड सारखाच असेल आणि कुणीच तो बदललेला नसेल, तर डोंगरचा माणूस थेट सागरच्या हिशेबाच्या इनबॉक्समध्ये पोहोचतो. 'हा इनबॉक्स माझा नाही' ही तक्रार अशी जन्माला येते.

वेगळ्या पत्त्यांचा मार्ग चांगला आहे, पण एका अटीवर. लोक नेहमी आपल्याच पत्त्यावरून येतील याची खात्री नसते. कुणीतरी सहकाऱ्याने पाठवलेल्या लिंकवर क्लिक करतं आणि दुसऱ्याच दारात उभं राहतं. तिथे नुसतं छोटं नाव टाकलं, तर पुन्हा तोच घोटाळा.

उरतो पाचवा मार्ग, पूर्ण ईमेल पत्ता. यात वापरकर्त्याला नवीन काही लक्षात ठेवावं लागत नाही, कारण आपला ईमेल पत्ता प्रत्येकाला पाठ असतो. सर्व्हर कोणता हे संस्था ठरवते, वापरकर्ता नाही. बहुतेक संस्थांसाठी हाच मार्ग योग्य ठरतो.

मोकळी चौकट ठेवली तर बिघडतं काय?

हे उदाहरण राउंडक्यूबचं घेऊ. राउंडक्यूब हे मोफत आणि मुक्त वेबमेल सॉफ्टवेअर आहे. वेबसाइट होस्टिंग देणाऱ्या असंख्य कंपन्या ग्राहकांना हेच देतात, त्यामुळे नाव माहीत नसलं तरी तुम्ही ते वापरलेलं असण्याची शक्यता आहे. त्यात आयमॅप सर्व्हरचं नाव लिहिण्याची एक सेटिंग असते. ती रिकामी ठेवली, की लॉगिनच्या पानावर सर्व्हरची मोकळी चौकट दिसू लागते.

आता विचार करा. पासवर्ड बरोबर आहे की नाही हे तर समोरचा सर्व्हर ठरवतो. मग एखाद्या भामट्याने त्या चौकटीत स्वतःच्याच मेल सर्व्हरचं नाव लिहिलं, तर? त्याचा सर्व्हर त्याला 'हो, हा माझाच माणूस' म्हणेल आणि तुमचं वेबमेल त्याला आत घेईल. त्याला तुमच्या कर्मचाऱ्यांचे मेल दिसणार नाहीत हे खरं. पण तो आता 'लॉगिन केलेला वापरकर्ता' झाला.

याचा अर्थ काय, ते जून 2025 मध्ये स्पष्ट झालं. राउंडक्यूबमधली एक गंभीर त्रुटी तेव्हा जाहीर झाली. तिचा क्रमांक सीव्हीई-2025-49113. लॉगिन केलेला कोणताही वापरकर्ता या त्रुटीचा फायदा घेऊन सर्व्हरवर हवा तो प्रोग्राम चालवू शकत होता. 1.5.10 आणि 1.6.11 या आवृत्त्यांमध्ये ती दुरुस्त झाली. 'लॉगिन केलेला' ही अट दिलासा देणारी वाटते. पण ज्या वेबमेलवर मोकळी चौकट आहे, तिथे ही अट नावापुरतीच उरते. कारण तिथे लॉगिन कुणालाही करता येतं.

मग बरोबर मांडणी कशी करायची?

राउंडक्यूबमध्ये त्याच सेटिंगमध्ये एकाऐवजी अनेक सर्व्हर लिहिता येतात. 2022 मध्ये आलेल्या 1.6 आवृत्तीपासून या सेटिंगचं नाव बदललं आहे, त्यामुळे जुन्या लेखांमधलं नाव आणि तुमच्याकडचं नाव जुळेलच असं नाही. महत्त्वाचं हे की प्रत्येक सर्व्हरपुढे त्याच्या डोमेनची यादी देता येते. म्हणजे 'पहिला सर्व्हर: सागर', 'दुसरा सर्व्हर: डोंगर आणि डोंगरचं जुनं डोमेन'. अशी जोडणी केली की लॉगिनच्या पानावर ना चौकट दिसते, ना यादी. वापरकर्ता पूर्ण पत्ता टाकतो, राउंडक्यूब @ च्या पुढचं डोमेन यादीत शोधतं आणि योग्य सर्व्हरकडे जातं.

इथे एक बारीक गोष्ट अनेकांच्या नजरेतून सुटते. डोमेन कुठल्याच यादीत सापडलं नाही, किंवा वापरकर्त्याने @ लिहिलंच नाही, तर राउंडक्यूब थांबत नाही. ते यादीतला पहिला सर्व्हर घेतं. म्हणजे डोंगरच्या माणसाने सवयीने नुसतं 'अकाउंट्स' टाकलं, तर त्याचा पासवर्ड सागरकडे जाणार. म्हणून लॉगिनच्या चौकटीजवळ 'पूर्ण ईमेल पत्ता लिहा' असं ठळक लिहायला हवं. ही सूचना म्हणजे शोभेची ओळ नाही, ती मांडणीचाच भाग आहे.

आणखी एक गोष्ट. वेबमेल आणि मेल सर्व्हर पूर्वी एकाच यंत्रावर असायचे, तेव्हा त्यांच्यातलं बोलणं उघड्यावर असलं तरी बाहेर जात नव्हतं. आता सर्व्हर दुसऱ्या शहरात असेल तर पासवर्ड इंटरनेटवरून प्रवास करतो. त्यामुळे ही जोडणी कूटबद्धच हवी. आयमॅपसाठी त्याचा ठरलेला पोर्ट 993 आहे. समोरच्या सर्व्हरचं प्रमाणपत्र तपासणारी सेटिंग 'त्रास देते' म्हणून बंद करण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळायला हवा.

दोनाचे वीस सर्व्हर झाले तर?

डोमेन आणि सर्व्हर वाढत गेले की ही यादी हाताने सांभाळणं कठीण होतं. मग मधे एक द्वारपाल ठेवतात. तांत्रिक भाषेत त्याला प्रॉक्सी म्हणतात. डोव्हकॉट आणि एनजिनएक्स ही दोन सॉफ्टवेअर हे काम करू शकतात. वेबमेल सगळ्यांना त्या एकाच द्वारपालाकडे पाठवतं. द्वारपालाकडे वही असते, कोणता वापरकर्ता कोणत्या सर्व्हरवर. तो ती बघून पुढे सोडतो.

याचा मोठा फायदा असा की उद्या एका विभागाचे मेल दुसऱ्या सर्व्हरवर हलवले, तर फक्त वहीतली नोंद बदलायची. वेबमेल, मोबाइलवरचं मेल ॲप, डेस्कटॉपवरचा प्रोग्राम, कशालाच हात लावावा लागत नाही. तोटाही उघड आहे. द्वारपाल बंद पडला तर सगळेच बाहेर. त्यामुळे तो एकटा असून चालत नाही.

एक इशारा इथे द्यायला हवा. दोनपैकी एका संस्थेचे मेल मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर असतील, तर नुसता युजरनेम-पासवर्ड पुढे पाठवून आयमॅप लॉगिन होणार नाही. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर 2022 पासून ही जुनी पद्धत बंद करायला सुरुवात केली. तिथे ओऑथ नावाची पद्धत लागते, ज्यात पासवर्ड वेबमेलला न देता थेट मायक्रोसॉफ्टच्या पानावर दिला जातो. हे आधी माहीत नसेल, तर 'बरोबर पासवर्ड चालत नाही' या कोड्यात दिवस जातात.

लॉगिन झालं, मग मेल स्पॅममध्ये का?

कारण वाचण्याचा रस्ता आणि पाठवण्याचा रस्ता वेगळे आहेत. अनेकदा आयमॅपचे सर्व्हर नीट जोडले जातात, पण पाठवण्यासाठी जुनाच एक सर्व्हर राहतो. मग डोंगरच्या पत्त्यावरून लिहिलेला मेल सागरच्या सर्व्हरमधून बाहेर पडतो.

प्रत्येक डोमेन इंटरनेटवर जाहीर करू शकतं की आपल्या नावाने मेल पाठवण्याचा अधिकार कोणत्या सर्व्हरना आहे. या नोंदीला एसपीएफ म्हणतात. डीकिम ही त्याच्या जोडीची व्यवस्था, त्यात मेलवर डिजिटल सही असते. डोंगरच्या नोंदीत सागरचा सर्व्हर नसेल आणि डोंगरची सहीही नसेल, तर मेल संशयास्पद ठरतो. फेब्रुवारी 2024 पासून जीमेलने आपल्या वापरकर्त्यांना मेल पाठवणाऱ्या सगळ्यांसाठी यातली किमान एक व्यवस्था बंधनकारक केली आहे. प्रवेशाची यादी किंवा मुलाखतीचं पत्र स्पॅममध्ये गेलं, तर नुकसान विद्यार्थ्याचं होतं आणि दोष कुणाचा हे त्याला कधीच कळत नाही.

उपाय म्हणजे प्रत्येक आयमॅप सर्व्हरला त्याचा एसएमटीपी सर्व्हर जोडून देणं. राउंडक्यूबमध्ये तशी सोय आहे. नव्या वापरकर्त्याचा 'प्रेषक' पत्ता आपोआप तयार होतो, त्यासाठीचं डोमेनही प्रत्येक सर्व्हरसाठी वेगळं देता येतं.

ॲड्रेस बुक गायब कसं होतं?

मेल सर्व्हरवर असतात, पण ॲड्रेस बुक, सही आणि सेटिंग्ज राउंडक्यूब स्वतःच्या डेटाबेसमध्ये ठेवतं. तिथे माणूस ओळखण्यासाठी ते दोन गोष्टी एकत्र बघतं, युजरनेम आणि सर्व्हरचं नाव. यातली एक जरी बदलली, तर राउंडक्यूबच्या दृष्टीने तो नवा माणूस.

म्हणजे सर्व्हर तोच, पण सेटिंगमध्ये त्याचं नाव वेगळं लिहिलं, तरी सगळ्यांची ॲड्रेस बुकं रिकामी दिसणार. काल 'अकाउंट्स' म्हणून लॉगिन केलेल्याने आज पूर्ण पत्ता टाकला, तरी तेच. घाबरण्याचं कारण नाही, जुनी नोंद पुसली गेलेली नसते. डेटाबेसमध्ये युजरनेम आणि सर्व्हरचं नाव नव्या पद्धतीने बदलून घेतलं की सगळं परत येतं. फक्त हे काम लोकांनी नव्याने लॉगिन करण्याआधी करायचं. नंतर केलं तर एकाच माणसाच्या दोन नोंदी होतात आणि त्या जुळवत बसावं लागतं.

एकाची चूक, सगळ्यांना शिक्षा

अनेक मेल सर्व्हरवर वारंवार चुकीचा पासवर्ड टाकणाऱ्याला काही काळ बंदी घालण्याची व्यवस्था असते. फेलटूबॅन हे त्यासाठी लोकप्रिय सॉफ्टवेअर. ते माणूस ओळखत नाही, तो ज्या आयपी पत्त्यावरून आला तो पत्ता ओळखतं.

वेबमेलमधून येणारी सगळी लॉगिन मात्र मेल सर्व्हरला एकाच आयपी पत्त्यावरून आलेली दिसतात, वेबमेलच्या. नव्या पद्धतीच्या पहिल्या दिवशी चार-पाच जणांनी चुकीचं युजरनेम टाकलं, की बंदी येते वेबमेलवर आणि अख्खी संस्था बाहेर राहते. यावर उपाय सोपा आहे. मेल सर्व्हरवर वेबमेलचा पत्ता बंदीतून वगळायचा आणि चुकीच्या प्रयत्नांवरची मर्यादा वेबमेलच्या बाजूला लावायची, कारण खरा माणूस कुठून आला हे तिथेच कळतं.

बदल करण्याआधी काय तपासावं?

• सगळ्या डोमेनची, सर्व्हरची आणि दोन्हीकडे सारख्या असलेल्या नावांची यादी करा.
• साचेबंद पासवर्ड असलेली खाती शोधा आणि ते पासवर्ड आधी बदलून घ्या.
• लॉगिनच्या पानावर सर्व्हरची मोकळी चौकट नाही ना, हे पाहा.
• प्रत्येक डोमेनच्या एका चाचणी खात्यातून लॉगिन करा, मेल वाचा आणि बाहेरच्या पत्त्यावर मेल पाठवून तो इनबॉक्समध्ये पोहोचतो का ते बघा.
• जाणूनबुजून छोटं नाव आणि चुकीचं डोमेन टाकून बघा. नकार कोणत्या सर्व्हरकडून येतो, ते नोंदींमध्ये तपासा.
• राउंडक्यूबच्या डेटाबेसची प्रत काढून ठेवा.
• बदल प्रवेशाच्या किंवा निकालाच्या आठवड्यात करू नका.

आणि आपण, वापरणाऱ्यांनी?

तीन गोष्टी पुरेशा आहेत. लॉगिन करताना नेहमी पूर्ण ईमेल पत्ता टाका. पासवर्ड चालला नाही तर तो बदलण्याआधी आपण टाकलेला पत्ता आणि उघडलेलं पान बरोबर आहे का ते बघा. आणि चुकून दुसऱ्याचा इनबॉक्स उघडला, तर लगेच बाहेर पडा आणि आयटी विभागाला कळवा. त्यात तुमची चूक नाही, पण गप्प बसलात तर तुमचा इनबॉक्सही कुणीतरी असाच उघडू शकतो.

एकत्र आलेल्या संस्थेला नावाची पाटी एका दिवसात बदलता येते. पण कोणाचं पत्र कोणाच्या हातात पडतं, हे लॉगिनच्या त्या छोट्या चौकटीमागे ठरतं. तिथली निवड वापरकर्त्याच्या अंदाजावर सोडायची की संस्थेने स्वतः करायची, हा निर्णय आयटी विभागाने लोकांनी पहिला पासवर्ड टाकण्याआधी घ्यायला हवा.